मुंबईच्या स्टेशनवर गाठोडं घेऊन उतरताना

मुंबईला महालक्ष्मी सरसचं प्रदर्शन भरतं, गटांना बोलावणं येतं, आणि दरवेळी तेच ऐकू येतं. "माल तयार आहे हो ताई, पण मुंबईच्या स्टेशनवर आमचं डोकंच चालत नाही." पापड लाटायला कुणी घाबरत नाही, बँकेत मॅनेजरशी बोलायला घाबरत नाही. स्टेशनला मात्र घाबरतात. म्हणून हा लेख.

आधी आमची फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही पाचजणी देवगिरी एक्स्प्रेसने रात्री संभाजीनगरहून निघालो. पापड, शेवया, चटण्या अशी सहा गाठोडी. डब्यातल्या कुणीतरी सांगितलं, दादरला उतरा, जवळ पडेल. दादरला गाडी थांबली, आम्ही चौघी चार गाठोडी घेऊन उतरलो, पाचवी दोन गाठोडी दाराशी ओढेपर्यंत गाडी हलली. आम्ही खालून ओरडलो, "उडी मारू नको!" तिचा फोन चार्जिंगसाठी माझ्या पिशवीत. तिच्याजवळ ना नंबर, ना पत्ता. सापडली ती, पण कशी ते पुढे सांगते. कारण ती सापडली ते नशिबाने नाही, स्टेशनच्या बांधणीमुळे.

मोठ्या शहरातली स्टेशनं दोन प्रकारची असतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. एक, ज्यातून गाडी पुढे निघून जाते. आपलं संभाजीनगर तसं, मनमाड तसं, कल्याण, ठाणे, दादरही तसंच. दुसरं, जिथे रूळच संपतात. त्याला टर्मिनस म्हणतात. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटी, हे असं आहे.

यात फरक काय पडतो? फार पडतो. मधल्या स्टेशनवर गाडी दोन-चार मिनिटं थांबते आणि बाहेर पडायला बहुतेक वेळा जिना चढून पूल ओलांडावा लागतो. डोक्यावर गाठोडं घेऊन दादरचा पूल सकाळच्या गर्दीत चढून बघा एकदा. टर्मिनसला गाडी पुढे जाणारच नसते. घाई नाही. सगळे उतरले की आपण सावकाश उतरायचं, सामान मोजायचं. आणि सगळे प्लॅटफॉर्म टोकाला एकाच मोठ्या मोकळ्या जागेत उघडतात. म्हणजे सरळ चालत बाहेर, एकही पायरी नाही. देवगिरी, नंदीग्राम, तपोवन, जनशताब्दी या आपल्याकडच्या गाड्या सीएसएमटीलाच संपतात. माझं स्पष्ट मत आहे: हातात नुसती पर्स असेल तर दादर चालेल, माल असेल तर शेवटपर्यंत जावं. तिकीटही सीएसएमटीपर्यंतचंच काढावं.

आता आमची मैत्रीण. ती दोन गाठोड्यांसह सीएसएमटीला उतरली, चालत प्लॅटफॉर्मच्या टोकाला आली, जिथे रूळ संपतात, आणि गाठोड्यावर बसून राहिली. शोधायला म्हणून हलली नाही. आम्ही दादरहून लोकलने तिथे पोचलो आणि गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला लागली ते विचारत गेलो. त्या गाडीचा प्रत्येक माणूस त्या टोकावरूनच बाहेर जातो, म्हणून चुकामूक झालीच नाही. बाई शांत बसलेली. उलट आम्हालाच म्हणाली, "किती वेळ लावला गं!" तेव्हापासून आमचा नियम आहे. कुणी चुकलं तर शेवटच्या स्टेशनला, गाडीच्या तोंडाशी. आणि दोन फोन नंबर कागदावर लिहून पोलक्याच्या खिशात किंवा बटव्यात.

सीएसएमटीची इमारत १८८० च्या दशकात बांधली. फ्रेडरिक स्टीव्हन्स हा तिचा वास्तुरचनाकार. आधी नाव व्हिक्टोरिया टर्मिनस, १९९६ मध्ये ते बदललं, आणि २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. हे सांगायचं कारण वेगळं आहे. टॅक्सीवाला "व्हीटी" म्हणेल, दुसरा "सीएसटी", एखादे आजोबा "बोरीबंदर" म्हणतील. सगळं एकच. गोंधळून जाऊ नका. इमारत मात्र बाहेर येऊन, मागे वळून जरूर बघा.

तिथे एकूण १८ प्लॅटफॉर्म आहेत. १ ते ७ लोकलचे, ८ पासून पुढे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. १ आणि २ वर हार्बरच्या लोकल लागतात. सरसचं प्रदर्शन वांद्र्याच्या भागात असेल तर इथूनच वांद्रे किंवा गोरेगावची लोकल धरायची. पण याच प्लॅटफॉर्मवरून पनवेलच्याही गाड्या सुटतात, आणि वडाळ्यानंतर दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. म्हणून गाडी उभी दिसली की चढू नका. वर लावलेली पाटी बघा, त्यावर शेवटचं स्टेशन, वेळ, आणि गाडी जलद की धीमी ते असतं. वाचता आलं नाही तर विचारा, पण एकाला नाही, दोघांना विचारा. दोघांचं उत्तर जुळलं की चढा. इथून लोकल सुरूच होते, त्यामुळे बसायला जागा मिळण्याचा संभव जास्त. सकाळी सगळं मुंबई याच बाजूला येत असतं, उलट्या दिशेच्या गाड्या त्या मानाने मोकळ्या.

महिलांचा डबा वेगळा असतो, पण त्यात पहिल्या वर्गाचाही असतो. पाटी वाचून चढा, नाहीतर साधं तिकीट हातात असूनही दंड. मोठी गाठोडी असतील तर लोकलचा सामानाचा डबा बघा. लांबच्या गाडीत स्लीपरला माणशी ४० किलो, साध्या डब्यात ३५ किलो सामान फुकट नेता येतं. पाचजणींचं वजन वाटून धरा, घरी काट्यावर करूनच निघा.

सामान ठेवून फिरायचं असेल तर क्लोकरूम असते, पाटीवर "अमानती सामान घर" लिहिलेलं सापडेल. तिथे तिकीट लागतं आणि सामानाला कुलूप लागतं. तोंड शिवलेलं पोतं चालत नाही. आपल्या बायका इथेच अडतात, म्हणून एक तरी कुलपाची बॅग ठेवा. हमाल घ्यायचा तर लाल कपडे आणि दंडावरचा बिल्ला बघा, भाव आधी ठरवा, मग गाठोडं द्या.

सरकत्या जिन्याबद्दल बायका हसतात, पण भीती खरी आहे. निऱ्या एका हाताने वर धरा, पदर खोचा, पाऊल पिवळ्या रेघेच्या आत. गाठोडं डोक्यावर असेल तर त्या वाटेला जाऊच नका, लिफ्ट विचारा. आणि पुलावर, जिन्यावर मधेच थांबून सामान सारखं करू नका. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २० हून जास्त माणसं गेली. गर्दी थांबली की मागचे ढकलतातच. कडेला या, मग थांबा.

काही अडलं तर १३९ हा रेल्वेचा नंबर. योगायोगाने १९८९ च्या रेल्वे कायद्यातलं १३९ वं कलमही आपल्या कामाचं आहे. सोबत पुरुष नसलेल्या बाईला तिकिटाच्या कारणावरून गाडीतून कुठेही उतरवता येत नाही. ती जिथे चढली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, इथेच, आणि तेही दिवसाच. तिकीट काढू नका असं मी म्हणत नाही! पण तिकीट हरवलं, रात्र आहे, आणि कुणी दरडावलं, तर घाबरून अंधारात उतरू नका. रिझर्व्हेशन करताना वय ४५ च्या पुढे असेल तर खालच्या बर्थसाठी कोटा असतो, तोही मागा.

स्टेशनबाहेर रिक्षा शोधू नका. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीतच, मीटरची टॅक्सी किंवा बेस्टची बस. रिक्षा वांद्र्यापासून पुढे.

आणखी एक. २०२२ पासून रेल्वेची "एक स्थानक एक उत्पादन" योजना आहे, तिच्यात गटांना स्टेशनवर माल विकायला थोड्या दिवसांसाठी जागा मिळते. आपल्या स्टेशनवर काय चालू आहे त्याची चौकशी स्टेशन व्यवस्थापकांकडे करता येईल.

परतीचं तिकीट काढताना खिडकीवर नुसतं "छत्रपती" म्हणून थांबू नका. मुंबईचं स्टेशन छत्रपती, कोल्हापूरचंही छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, आणि आपलं छत्रपती संभाजीनगर. पूर्ण नाव सांगा, तिकीट हातात आलं की खिडकी सोडायच्या आधी वाचा.