सागरसंशोधनास निघालेल्या कन्येची पेटी

धाराशिवाहून अरबी समुद्र सरळ रेषेने मोजला तरी सुमारे ३०० किलोमीटर दूर. आमच्या घरातील निम्म्या मंडळींनी तो पाहिला तो मुंबईच्या चौपाटीवर, आणि तोही भेळ खाता खाता. अशा घरातील कन्या, आमच्या पुतण्याची थोरली मुलगी, सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासासाठी नॉर्वे देशातील बर्गन येथे जाणार आणि तेथून संशोधनाच्या जहाजावर काही आठवडे काढणार, असे ठरले तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. पण पाठोपाठ माजघरात एक भली मोठी पेटी उघडी पडली, आणि पुढे पंधरा दिवस सर्वांचे लक्ष त्या पेटीवरच खिळून राहिले.

समुद्राशी आपला संबंध काय, असे आमच्या वहिनी, म्हणजे मुलीच्या आजी, वारंवार विचारीत. आम्ही त्यांना तेरची आठवण दिली. आपल्याच जिल्ह्यातील हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात, पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरातून तलम व जाडीभरडी वस्त्रे गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरी जात, असा उल्लेख आहे. सिंधुबंदीचे खूळ आपल्या डोक्यात शिरले ते नंतरचे. 

दुसरे उदाहरण आमच्या वाचकांच्या अधिक परिचयाचे असेल. औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातील अदिती पंत यांचा जन्म १९४३ साली नागपुरास झाला. समुद्रापासून याहून लांब गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. ॲलिस्टर हार्डी यांचा खुल्या समुद्रावरील ग्रंथ वाचनात आला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. पुण्याची पदवी घेऊन त्या हवाई विद्यापीठात गेल्या, पुढे लंडन येथे सागरी शैवालांवर प्रबंध लिहिला, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत दाखल झाल्या. १९८३ च्या डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत त्या व भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता सामील झाल्या. भारतीय मोहिमेतून त्या हिमखंडावर जाणाऱ्या या पहिल्याच दोघी स्त्रिया.

वहिनींनी हे सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “तिला मासे चिरावे लागतील का?” यावर आम्ही निरुत्तर झालो. उत्तर मुलीनेच दिले. “अगं आजी, माझा अभ्यास प्लवकांचा. डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती त्या. पृथ्वीवर उन्हापासून जितके अन्न तयार होते, त्यातले जवळजवळ निम्मे या तयार करतात. पण कामच पडले तर मासाही हाताळीन. तुझ्यापासून लपवणार नाही.” वहिनी काही वेळ गप्प बसल्या. मग उठून भाजणी दळायला टाकली.

पेटी प्रथम वाण्याच्या काट्यावर नेली तेव्हा ३१ किलो भरली. विमानात बहुधा २३ किलोंची परवानगी असते. तिकिटावरचा आकडा आधी वाचून मगच डबे भरावेत. ते ८ किलो कमी करताना जी वादावादी झाली तिचे वर्णन येथे करीत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या, कारण खोबरे तेलकट असल्यामुळे पेटण्याच्या भीतीने विमानात नेण्यास मनाई आहे. साजूक तूप आणि पेढे निघाले. बाहेरच्या देशांतून आणलेले दूधदुभते युरोपात जवळ बाळगून नेऊ देत नाहीत. मेतकूट, भाजणी, आमसुले राहिली. आणि राहिली आलेपाकाची पिशवी, जिची आम्ही सर्वांनी थट्टा केली होती. बोट लागण्यावर आले गुणकारी आहे असे पुष्कळ दर्यावर्दी सांगतात. अर्थात डॉक्टरांकडून गोळ्याही घ्याव्यात, आणि त्या समुद्र खवळण्यापूर्वी घ्याव्यात; एकदा उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात ठरत नाही. शाकाहाराची सूचना मात्र जहाजावरील आचाऱ्यास आठवडे आधी लेखी पाठवावी. ऐन समुद्रात भाजीबाजार नसतो.

कपड्यांच्या बाबतीत आपल्याकडील मंडळी हटकून चुकतात. बर्गनला वर्षाकाठी सव्वादोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. सुती कपडा भिजला की अंगाची ऊब ओढून घेतो; लोकर ओली झाली तरी ऊब धरते. आमच्या माळावरचा धनगर हे पिढ्यान्पिढ्या जाणतो, म्हणून तो पावसात घोंगडी पांघरतो. तेव्हा आत पातळ लोकर, मध्ये वहिनींनी विणलेला स्वेटर, वर वारापाऊस अडवणारा अंगरखा, असे थर करावेत. एकच जाडजूड कोट नेऊ नये. ओल्या फळ्यांवर न घसरणारे बूट व चष्मा वापरणाऱ्यांनी दुसरा चष्मा आणि गळ्यात अडकवण्याची दोरी घ्यावी. जहाजावरील खोली लहान. तिथे टणक पेटीपेक्षा घडी घालून बिछान्याखाली सरकवता येणारी कापडी पिशवी बरी. पेटी बदलली ती याच कारणाने, आणि तिचे स्वतःचेच चार किलो वाचले.

पासपोर्ट, प्रवेशपरवाना, वैद्यकीय दाखला, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह औषधे, आणि पॉवर बँक ही हातातल्या पिशवीत हवीत. शेवटची वस्तू तर मोठ्या सामानात ठेवूच देत नाहीत. निघण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत. नोंदींसाठी पेन्सिली भरपूर असाव्यात. शाई खाऱ्या पाण्याने पसरते, पेन्सिलीचे अक्षर टिकते.

शेवटी पेटी २१ किलो भरली. उरलेल्या दोन किलोंत भाजणी आणखी घालावी, असे वहिनींचे म्हणणे. जागा रिकामी ठेवावी, परतताना पुस्तके असतील, असे मुलीचे. वहिनींनी देवघरासाठी एक शंख मागितला होता. शंख-शिंपले, प्रवाळ यांपैकी पुष्कळांवर कायद्याचे निर्बंध असतात, आणि संशोधकाने नमुना आणायचा तो परवान्यानिशी, हे तिने समजावून सांगितले. त्याऐवजी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या एखाद्या प्लवकाचे पेन्सिलीने चित्र काढून आणीन, असे तिने कबूल केले आहे. देवघरात ते लावायचे की माजघरात, यावर वहिनींनी अजून काही सांगितलेले नाही.