विंडो एसी थंड करत नाही? ‘गॅस भरा’ म्हणण्याआधी एवढं तपासा

मार्च संपत आला की भाड्याच्या फ्लॅट्समध्ये एक संवाद हमखास ऐकू येतो. मेकॅनिक येतो, एसी चालू करतो, जाळीसमोर दहा सेकंद हात धरतो आणि सांगतो, "गॅस संपलाय. अडीच हजार होतील." रूम शेअर करणारे चौघं वर्गणी काढून पैसे देतात. काही दिवस बरं चालतं, मग पुन्हा तीच रड.

मुळात एसीमधला गॅस ‘संपत’ नाही. तो पेट्रोलसारखा जळत नाही की मोबाइल डेटासारखा रोज कमी होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं गोल फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. पण त्याच्याही आधीचा मुद्दा असा, की थंडावा कमी होण्याची बहुतेक कारणं गॅसशी संबंधित नसतातच. ती हवेशी संबंधित असतात आणि त्यातली बरीचशी तुम्ही स्वतः तपासू शकता.

हा लेख विंडो एसीबद्दल आहे, म्हणजे सगळी यंत्रणा एकाच पेटीत असलेला. नाव ‘विंडो’ असलं तरी आपल्याकडे तो पुष्कळदा खिडकीत नसतो. भिंतीला चौकोनी भोक पाडून, लाकडी चौकट बसवून त्यात सरकवलेला असतो. गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

मागच्या बाजूला काय चाललंय?

एसी थंडी तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एसीचा ‘टन’ म्हणजे पेटीचं वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, त्या वेगाला एक टन म्हणतात (हा अमेरिकन टन, सुमारे ९०७ किलोचा). आकड्यात सांगायचं तर साधारण ३.५ किलोवॅट. म्हणजे दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता उचलतो. त्यासाठी तो स्वतः दीड-पावणेदोन किलोवॅट वीज खातो, आणि तीही शेवटी उष्णताच होते. दोन्हींची बेरीज, जवळजवळ सात किलोवॅट, मागच्या जाळीतून बाहेर पडते. दोन किलोवॅटचे साडेतीन गीझर एकदम चालू आहेत असं समजा.

आता ही उष्णता बाहेर फेकायला हवा लागते. विंडो एसीच्या बाहेरच्या भागात दोन्ही बाजूंना (काही मॉडेल्समध्ये वरही) फटी असतात. पंखा तिथून बाहेरची हवा आत ओढतो आणि मागच्या कॉइलमधून बाहेर फेकतो. म्हणून या फटी भिंतीच्या बाहेर, पूर्ण मोकळ्या असायलाच हव्यात. जुन्या इमारतीत नऊ इंची विटांची भिंत असते. भिंत जाड म्हणून किंवा आतून ‘फिनिशिंग’ छान दिसावं म्हणून एसी आत लोटून बसवला, की या फटी नेमक्या भिंतीत गाडल्या जातात. मग एसी चालतो, बिलही येतं, पण खोली थंड होत नाही. दुपारी तर कॉम्प्रेसर तापून मध्येच बंद पडतो. अमेरिकेत जाड भिंतींसाठी फक्त मागूनच हवा घेणारे आणि मागूनच सोडणारे वेगळे एसी मिळतात. आपल्याकडे ‘विंडो’ म्हणून येतात ते सहसा बाजूला फटी असलेलेच. त्यामुळे भिंतीत बसवायचा असेल तर आधी भिंतीची जाडी मोजा आणि फटी पेटीच्या दर्शनी कडेपासून किती अंतरावर सुरू होतात तेही मोजा. दुकानात टेप घेऊन जायला लाजू नका.

फटी बाहेर असूनही घात होऊ शकतो. पावसाचं पाणी येऊ नये म्हणून कोणीतरी मागून प्लास्टिकचा कागद बांधलेला असतो आणि उन्हाळ्यात तो काढायचा राहून जातो. बॉक्स ग्रिलमध्ये सामान रचलेलं असतं. कबुतरांनी घरटं केलेलं असतं (पुण्या-मुंबईत हे कारण पहिल्या तीनात धरा). बाहेर पडलेली गरम हवा तिथेच कोंडली की एसी तीच पुन्हा आत ओढतो. मागे किती जागा सोडायची ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मॅन्युअल हरवलं असेल तर मॉडेल नंबरवरून ते कंपनीच्या साइटवर बहुधा मिळतं. आणि हो, मागचं बघायला ग्रिलवर चढू नका. सेल्फी स्टिकवर फोन लावून खिडकीतून व्हिडिओ काढा.

बसवताना

नवीन भोक पाडायचं असेल तर घरमालक आणि सोसायटी दोघांची लेखी परवानगी आधी घ्या. बीम किंवा कॉलमला हात लावायचा नाही, फक्त विटांच्या किंवा ब्लॉकच्या भरावात पाडायचं. दीड टनाची पेटी ५० किलोच्या आसपास असते. तिला खालून लोखंडी अँगलचा आधार हवा आणि तो भिंतीत नीट पकडलेला हवा. नुसत्या लाकडी चौकटीच्या भरवशावर अर्धा एसी बाहेर लटकत ठेवलेला असेल, तर खालून रोज माणसं जातात हे लक्षात ठेवा.

पेटी मागच्या बाजूला किंचित उतरती हवी, म्हणजे हवेतून गोळा झालेलं पाणी मागे जातं, खोलीत टपकत नाही. ‘किंचित’ म्हणजे किती? साधारण अर्धा ते एक अंश, पण तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर ते खरं. फोनमधलं लेव्हल ॲप इथे मस्त कामाला येतं. फक्त फोन पाठीवर झोपवू नका, कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे माप चुकतं. कव्हर काढून, बटणं नसलेल्या कडेवर उभा धरा.

बरेच विंडो एसी हे पाणी मुद्दाम तळाशी साठू देतात. मागच्या पंख्याच्या कडेला एक रिंग असते, ती ते पाणी उडवून गरम कॉइलवर मारते आणि कॉइल गार व्हायला मदत होते. तेव्हा ‘छप छप’ आवाज आला की लगेच घाबरायचं कारण नाही. तो आवाज बंद करायला कोणी तळाला ड्रिलने भोक पाडायला निघाला तर मात्र थांबवा.

विजेचं थोडक्यात: स्वतंत्र लाइन, १६ अँपियरचं सॉकेट, व्यवस्थित अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही. प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागत असेल, पिवळं-काळं पडलं असेल, तर एसी बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

थंड होत नाही तेव्हा कुठून सुरुवात करायची?

कोड चालत नसेल तर आपण थेट डेटाबेस बदलायला जात नाही, आधी इनपुट बघतो. इथेही तसंच.

रिमोटचा मोड बघा. ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’वर राहिलेला असतो, हे फार जणांच्या बाबतीत घडतं. रिमोट चालतोय का कळत नसेल तर तो फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा बहुतेक सेल्फी कॅमेऱ्यांत जांभळट चमकताना दिसतो. मग पेटीवर ‘व्हेंट’चा खटका असेल तर तो बंद आहे का पाहा. उघडा राहिला तर खोलीतली गार झालेली हवा बाहेरच्या हवेशी बदलत राहते.

मग फिल्टर. पुढची जाळी उघडून फिल्टर काढा आणि उजेडाकडे धरा. पलीकडचं दिसत नसेल तर उत्तर तिथेच आहे. हवा कमी मिळाली की आतली कॉइल शून्याखाली जाते, तिच्यावर बर्फ धरतो आणि बर्फामुळे हवा आणखी अडते. लोक म्हणतात, "बर्फ जमतोय म्हणजे गॅस कमी." तसंही होऊ शकतं, पण आधी एसी फॅन मोडवर ठेवून बर्फ पूर्ण वितळू द्या, फिल्टर धुऊन सावलीत वाळवून बसवा आणि पुन्हा चालवून बघा. फिल्टर काढताना कॉइलसमोरचा छोटा सेन्सर सरकलाय का तेही पाहा. तो थंड कॉइलला टेकला तर एसीला वाटतं खोली गार झाली, आणि कॉम्प्रेसर लवकर बंद होतो.

बंद करून लगेच चालू केल्यावर कॉम्प्रेसर सुरू होत नसेल तर तीनेक मिनिटं थांबा. आतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो, म्हणून अनेक एसी आणि स्टॅबिलायझर स्वतःच थांबतात. पण प्रत्येक वेळी नुसता ‘हूं’ असा आवाज येऊन कॉम्प्रेसर गप्प होत असेल, तर कपॅसिटर गेलेला असण्याची शक्यता बरीच आहे. तो बदलणं मेकॅनिकसाठी छोटं काम आहे. तुम्ही मात्र पेटी उघडू नका. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

एवढं करूनही शंका असेल तर मोजा. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. एसी वीस मिनिटं चालू द्या. जिथून खोलीची हवा आत जाते तिथलं तापमान आणि जिथून गार हवा बाहेर येते तिथलं तापमान, दोन्ही लिहा. फरक ८ ते १२ अंश असेल तर एसी आपलं काम करतोय. मुंबई-कोकणात दमट दिवशी फरक थोडा कमी येतो, कारण बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. एसी ठीक असेल तर दोष खोलीत शोधा: वरचा मजला, तापलेला स्लॅब, पश्चिमेची भिंत, दाराखालची फट. नागपूर-चंद्रपूरकडे आणखी एक गोष्ट. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजतात. ४५ अंशांत तोच एसी कमी उष्णता उचलतो, त्यामुळे तिकडे खोलीसाठी टन निवडताना हात आखडू नका. आणि एसीच्या खोलीत कूलर चालवू नका. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच काढत बसतो.

रिमोट १६ वर नेल्याने साध्या, बिनइन्व्हर्टरच्या एसीत हवा जास्त थंड होत नाही. कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालू, नाहीतर बंद. १६ म्हणजे फक्त ‘बंदच होऊ नकोस’. स्टार लेबल असलेल्या एसींना १ जानेवारी २०२० पासून २४ हे डिफॉल्ट तापमान ठेवणं बंधनकारक झालं, तिथून सुरुवात करा.

आणि तरीही ‘गॅस’च असेल तर

विंडो एसीची गॅसची लाइन कारखान्यातच भरून सील होऊन येते. स्प्लिटमध्ये घरी जोडलेले नट असतात, तिथून गळती होऊ शकते. विंडोत ते जोडच नसतात. त्यामुळे विंडो एसीत गळती झाली असेल तर बहुधा नळी गंजली, घासली किंवा टाका सुटला. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत हे जास्त होतं.

तेव्हा मेकॅनिकला शांतपणे विचारा: "दादा, लीक कुठे आहे ते दाखवाल का?" फोनवर फोटो काढा. लीक बंद करणं, दाबाने तपासणं, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा काढणं, आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरणं, हा खरा क्रम. पेटीवरच्या पट्टीवर गॅसचं नाव (आर-२२, आर-४१०ए, आर-३२, आर-२९०) आणि किती ग्रॅम तेही छापलेलं असतं. तोच गॅस, तेवढाच. आर-३२ सौम्य ज्वालाग्राही आहे, आणि आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. अशा एसीवर, खोलीतच, खिडक्या बंद ठेवून कोणी गॅसबत्ती पेटवत असेल तर काम तिथेच थांबवा.

सर्व्हिसचं म्हणाल तर उन्हाळ्यात फिल्टर दर दोन आठवड्यांनी स्वतः धुवा. पेटी बाहेर काढून दोन्ही कॉइल धुण्याचं काम वर्षातून एकदा, मार्चची गर्दी सुरू होण्याआधी, फेब्रुवारीत करून घ्या. धुताना वायरिंगचा भाग झाकलेला हवा आणि मागच्या कॉइलचे पातळ पत्रे दाबाच्या पाण्याने वाकता कामा नयेत. परत बसवल्यावर पेटीचा उतार लेव्हल ॲपवर पुन्हा बघा, कारण सर्व्हिसनंतर खोलीत पाणी टपकायला लागलं तर बहुतेक वेळा तो उतारच बदललेला असतो.