सायलेन्सर : कर गेला, नोंदणी राहिली

(लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेच्या १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टपाशी थांबलो होतो. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी हादरलेल्या सरकारने मशिनगन आणि आखूड नळीच्या बंदुकांना वेसण घालण्यासाठी तो कायदा आणला. त्याच यादीत आणखी एक वस्तू होती. तिच्यातून गोळी सुटत नाही, आणि नुसती हातात घेतली तर तिने कुणाला इजा करता येत नाही. तरी कायद्याने तिला मशिनगनच्या पंक्तीत बसवलं. ही वस्तू म्हणजे सायलेन्सर. १ जानेवारी २०२६ पासून तिच्यावरचा नव्वद वर्षांहून जुना कर शून्यावर आला आहे, आणि त्यामुळे अख्ख्या कायद्याचाच पाया तपासायची वेळ आली आहे.

सायलेन्सरचा जनक हायरम पर्सी मॅक्सिम. मॅक्सिम मशिनगन बनवणाऱ्या हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांचा हा मुलगा. आयुष्यभर बंदुकांच्या धडाक्यात काम करून वडिलांचे कान जवळपास गेले होते. मुलाला १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं. पुढे हार्टफर्डच्या त्याच्या कंपनीचे सायलेन्सर हौशी नेमबाज आणि शिकारी उघडपणे विकत घेत. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या रायफलीवरही एक होता. मोटारीच्या आणि बुलेट मोटारसायकलच्या धुराड्यावरच्या ज्या भागाला आपण सायलेन्सर म्हणतो, त्याचंही तत्त्व हेच. गोळीच्या मागोमाग नळीतून बाहेर येणारा तापलेला वायू एकदम हवेत सुटतो, त्याचा धडाका होतो. सायलेन्सरच्या नळकांड्यात एकामागे एक पडदे असतात. वायू त्यांच्यात अडतो, पसरतो, थंडावतो आणि जोर ओसरल्यावर बाहेर पडतो.

सिनेमात मात्र नुसतं ‘फुस्स’ ऐकू येतं आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. प्रत्यक्षात तसं घडत नाही. रायफलीचा आवाज साधारण १६० डेसिबलच्या घरात असतो. चांगला सायलेन्सर तो २० ते ३५ डेसिबलने उतरवतो. म्हणजे उरलेला आवाजही रस्ता फोडणाऱ्या ड्रिलपेक्षा मोठाच असतो. शिवाय रायफलीची गोळी ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगाने जाते. तिचा स्वतःचा कडाका हवेत होतो, आणि नळीच्या तोंडाशी बसवलेलं कुठलंही उपकरण तो रोखू शकत नाही. पण अशा एका धडाक्याने कानाला कायमची इजा होऊ शकते, अशी धोक्याची पातळी १४० डेसिबल मानली जाते. सायलेन्सर आवाज तिच्याखाली आणू शकतो, म्हणून कानांच्या रक्षणाचा मुद्दा खोटा नाही. खूप हलक्या काडतुसांच्या बाबतीत आवाज आणखी खाली येतो, आणि सायलेन्सरला विरोध करणाऱ्यांची भीती तिथून सुरू होते.

१९३४ साली संसदीय समितीपुढे मशिनगनवर भरपूर चर्चा झाली. सायलेन्सरवर जवळजवळ झालीच नाही. काही राज्यांनी त्याआधीच त्यावर बंदी घातलेली होती, आणि केंद्रीय कायद्यात तो यादीसोबत आला. थेट बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला आहे की नाही याची खात्री नव्हती, म्हणून ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी कराचा मार्ग धरला : प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर. तेव्हा थॉम्पसन सबमशिनगनची किंमत साधारण तेवढीच होती. आजच्या भावाने ही रक्कम साडेचार हजार डॉलरांहून अधिक भरते. कर वसूल व्हावा असा हेतूच नव्हता. माणसाने घेऊ नये म्हणून तो लावला होता. १९३७ साली, विक्रेत्यावरच्या वार्षिक कराच्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा कर म्हणून वैध ठरवला. गंमत अशी की महागाईनुसार ही रक्कम कधी वाढवलीच नाही. २०२५ सालीही ती २०० डॉलरच होती. त्यामुळे एकेकाळी डोळे पांढरे करणारा कर शेवटी हजार डॉलरच्या वस्तूवरचा जादा भार एवढाच उरला, आणि २०२१ पर्यंत नोंदणीकृत सायलेन्सरची संख्या २६ लाखांवर गेली.

खरी अडचण कागदांची होती. गिऱ्हाईक दुकानात पूर्ण पैसे भरतो. वस्तू मात्र त्याला मिळत नाही. फॉर्म ४ भरायचा, दहा बोटांचे ठसे द्यायचे, फोटो लावायचा, अर्जाची प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाकडे पाठवायची. मग अर्ज एटीएफ या केंद्रीय यंत्रणेकडे जातो. मंजुरी येईपर्यंत त्याच्या मालकीचा, त्याच्या नावाच्या अर्जावर क्रमांक लिहिलेला सायलेन्सर दुकानदाराच्या तिजोरीत पडून असतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत ही वाट आठ महिने ते वर्षभर पाहावी लागे. मंजूर झालेल्या फॉर्मवर २०० डॉलरचं खरंखुरं तिकीट चिकटवून येई, टपालतिकिटासारखं, आणि मालक ते जपून ठेवत. अर्ज ऑनलाइन झाल्यापासून हे काम अलीकडे काही दिवसांवर आलं.

व्याख्याही फार रुंद आहे. आवाज बंद करणारं, दाबणारं किंवा कमी करणारं कोणतंही उपकरण म्हणजे सायलेन्सर. १९८६ पासून तर तो जुळवण्याच्या हेतूने केलेला सुटा भागसुद्धा सायलेन्सरच. बंदूक साफ करताना द्रव सांडू नये म्हणून विकली जाणारी नळकांडी याच व्याख्येत अडकली, आणि २०२२ मध्ये त्यांच्यासाठी आलेले अर्ज एटीएफने मोठ्या प्रमाणात फेटाळले. नोंदणीविना बाळगल्यास दहा वर्षांपर्यंत कैद. हिंसक गुन्ह्यात वापरला तर किमान तीस वर्षं.

कॅन्ससमधलं एक प्रकरण मला या कायद्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं. २०१३ मध्ये त्या राज्याने कायदा केला की कॅन्ससमध्ये बनलेल्या आणि कॅन्ससमध्येच राहिलेल्या शस्त्रांना केंद्राचे नियम लागू नाहीत. शनूट गावातल्या लष्करी जुन्या सामानाच्या एका दुकानदाराने त्यावर विसंबून सायलेन्सर बनवून विकले. एका माजी सैनिकाने एक घेतला, आणि राज्याचा कायदा पाठीशी आहे या भरवशाने त्याबद्दलचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. दोघांवर केंद्रीय खटला चालला आणि दोघेही दोषी ठरले. न्यायाधीशांनी तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडलं, पण गुन्हेगार हा शिक्का लागलाच. २०१८ साली अपील न्यायालयाने निकाल कायम केला. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घेतलं नाही. राज्याच्या विधिमंडळाने दिलेला शब्द नागरिकाने खरा मानला आणि भोगलं मात्र त्यानेच. कायदा करणाऱ्यांनी आपल्या अधिकाराची हद्द न सांगता लोकांना असं पुढे ढकलावं, हे मला फार अन्यायाचं वाटतं. २०२१ मध्ये टेक्ससनेही तशाच धर्तीचा कायदा केला.

सायलेन्सरला १९३४ च्या कायद्यातून वगळण्याची मागणी ‘हिअरिंग प्रोटेक्शन अॅक्ट’ या नावाने २०१५ पासून पुढे येत राहिली. २०१७ च्या जानेवारीत एटीएफचेच वरिष्ठ अधिकारी रोनाल्ड टर्क यांनी एका टिपणात लिहिलं की गुन्ह्यांत सायलेन्सर फार क्वचित सापडतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासचं हत्याकांड झालं आणि विधेयक बाजूला पडलं. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीचच्या पालिका इमारतीत बारा जणांचा बळी घेणाऱ्याच्या पिस्तुलावर मात्र सायलेन्सर होता. आतल्या काहींना तो आवाज आधी गोळीबाराचा वाटलाच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विमा कंपनीच्या प्रमुखाची हत्या झाली, तेव्हाही पोलिसांना पिस्तुलासोबत सायलेन्सर मिळाला, आणि न्यूयॉर्कमध्ये तर त्यावर पूर्ण बंदी आहे.

२०२५ मध्ये ट्रम्प सरकारच्या मोठ्या अर्थविधेयकात कनिष्ठ सभागृहाने सायलेन्सरला १९३४ च्या कायद्यातून पूर्णच वगळलं होतं. सिनेटच्या नियमसल्लागार एलिझाबेथ मॅकडोनो यांनी ते अडवलं : अर्थविधेयकात पैशाच्याच तरतुदी बसतात, नोंदणी रद्द करणं बसत नाही. म्हणून फक्त कर शून्य झाला. अर्ज, ठसे, मंजुरी सगळं तसंच राहिलं. यावर बंदूकसमर्थक संघटना टेक्ससच्या केंद्रीय न्यायालयात गेल्या. १९३७ मध्ये कायदा कर म्हणून वाचला, आता कर नाही, मग नोंदणी कशाच्या आधारावर, असा त्यांचा सवाल आहे. तो वकिली चलाखी म्हणून उडवून लावता येणार नाही. दुसरीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने एका खटल्यात म्हटलं की सायलेन्सरला घटनेचं संरक्षण आहे असं गृहीत धरलं तरी अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येकाला परवाना देणारी ही पद्धत वैध आहे.

माझं मत सांगतो. कर गेला हे चांगलं झालं. कानांचं रक्षण खिशाच्या वजनावर ठरू नये. नोंदणी मात्र राहिली पाहिजे. बंदुकीचा आवाज हा आसपासच्या माणसांना मिळणारा एकमेव इशारा असतो, आणि तो इशारा कमी करणारी वस्तू कुणाकडे आहे हे सरकारला ठाऊक असणं फार मोठी मागणी नव्हे. नॉर्वेत शिकाऱ्याला सायलेन्सर सहज मिळतो आणि जर्मनीने २०२० मध्ये शिकाऱ्यांसाठी नियम सैल केले, हे दाखले अमेरिकेत नेहमी दिले जातात. पण त्या देशांत मूळ बंदुकीचा परवानाच काटेकोर आहे, ही अर्धी गोष्ट सांगायची राहून जाते.

आपल्याकडे प्रश्नच वेगळा. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येतच गोळीबाराचा आवाज किंवा झोत कमी करणारं साहित्य धरलेलं आहे. म्हणजे परवान्याविना सायलेन्सर बाळगणं हे बंदूक बाळगण्यासारखंच, आणि परदेशातून बॅगेत घालून आणणं ही शस्त्राची आयात.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना एक सांगणं. कर शून्य झाला म्हणून दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी पाहा. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई या आठ राज्यांत सामान्य नागरिकाला सायलेन्सर आजही ठेवता येत नाही. आणि एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडता, केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायला मनाई आहे. त्या कायद्याच्या लेखी सायलेन्सर म्हणजेही बंदूकच.