पहिली कॅरिबियन डायव्ह : आधी खोली पाहा, मग बेट

बेलीझचं ग्रेट ब्लू होल सुमारे ३०० मीटर रुंद आणि १२४ मीटर खोल आहे. त्यातले अधोमुखी लवणस्तंभ पाहायला डायव्हर जवळपास ४० मीटर खाली जातात. नुकतंच ओपन वॉटर प्रमाणपत्र मिळालेल्या डायव्हरची मर्यादा मात्र १८ मीटरची. निळ्या वर्तुळाचा तो विमानातून काढलेला फोटो पाहून बेलीझचं तिकीट काढणाऱ्या नवख्यांना हा २२ मीटरचा फरक कुणीतरी आधी सांगायला हवा. कॅरिबियनमधली जागा निवडताना नाव, फोटो, हॉटेल या गोष्टी नंतरच्या. प्रवाळाची रीफ किती खोलीवर आहे, पाण्याला ओढ किती आहे आणि एका आठवड्यात किती वेळा पाण्यात उतरता येईल, हे आधी विचारावं.

खोलीचा हिशेब हवेपासून सुरू होतो. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर तो १ असेल, तर १० मीटरवर २ आणि ३० मीटरवर ४ होतो. हवाही त्याच पटीत भराभर संपते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची आतली जागा साधारण ११ लिटर असते. २०० बारपर्यंत भरला की त्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते. ५० बार राखून वर यायचं, म्हणजे वापरायला उरली १,६५० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागते असं धरलं, तर ती १० मीटरवर ४१ मिनिटं पुरेल, १८ मीटरवर २९, ३० मीटरवर २० आणि ४० मीटरवर जेमतेम १६. यात खाली जाण्याचा आणि वर येण्याचा वेळ धरलेला नाही. शिवाय नवखा माणूस बावरला की धापा टाकतो. २० ऐवजी ३० लिटर लागू लागली, की १८ मीटरवरची २९ मिनिटं विशीच्या आत येतात.

दुसरा हिशेब दाबाखाली शरीरात विरघळणाऱ्या नायट्रोजनचा. वाटेत सक्तीचे थांबे न घेता वर येता यावं, यासाठी प्रत्येक खोलीला वेळेची मुदत ठरलेली असते. पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात ती १२ मीटरला १४७ मिनिटं, १८ मीटरला ५६, ३० मीटरला २० आणि ४० मीटरला फक्त ९ मिनिटं आहे. हे आकडे हवेच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. १८ मीटरवर हवा आधी संपत येते. काटा बघून सावकाश वर यायला मुभा असते. ४० मीटरवर सिलिंडरमध्ये हवा शिल्लक असतानाच नायट्रोजनची मुदत सरते, आणि मग थेट वर येणं धोक्याचं ठरतं. उथळ पाणी चूक सावरायला वेळ देतं, म्हणून नवख्याने तिथेच रमावं. त्यात गमावण्यासारखं काही नाही. प्रवाळाला सूर्यप्रकाश लागतो आणि लाल रंग तर पहिल्या काही मीटरांतच विरू लागतो, त्यामुळे रंगांची खरी श्रीमंती वरच्या थरातच असते.

या कसोटीवर माझी पहिली पसंती बोनेअरला आहे. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेलं हे २८८ चौरस किलोमीटरचं बेट २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. इथलं सागरी उद्यान १९७९ सालचं. भरतीरेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा किनारा त्याच्या संरक्षणात येतो. डायव्हिंगच्या ८० हून अधिक जागा आखलेल्या आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त जागी किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येतं. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड त्या जागांची नावं सांगतात. भाड्याच्या पिकअपमध्ये सिलिंडर टाकायचे आणि निघायचं. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहत असल्याने पश्चिम किनारा बहुतेक वेळ शांत असतो, आणि बऱ्याच ठिकाणी रीफचा उतार १० मीटरच्या आसपासच सुरू होतो. दिवसाला दोन-तीन डायव्ह धरल्या, तरी पाच दिवसांत १० ते १५ होतात. नवख्याला पाण्यात स्थिर तरंगता येणं सगळ्यात उशिरा जमतं आणि ते सरावानेच येतं, म्हणून मी या आकड्याला एवढं महत्त्व देतो.

बोनेअरलाही अडचणी आहेत. किनारा खडकाळ असल्याने जाड तळव्याचे बूट लागतात. पूर्वेकडच्या खवळत्या बाजूला नवख्याने जाऊ नये. गाईडची सक्ती नाही, पण पहिले एक-दोन दिवस तो पैसे देऊन घ्यावाच. उद्यानाच्या नियमाप्रमाणे पहिली ओळख-डायव्ह सगळ्यांना करावी लागते आणि हातमोज्यांना मनाई आहे. २०२३ पासून या बेटाच्या प्रवाळांना पेशीजाल झडून जाण्याचा रोग लागला आहे. आधीच आजारी असलेल्या रीफला आपल्या फिनचा फटका बसू नये, एवढी काळजी प्रत्येकाने घ्यायला हवी.

मेक्सिकोच्या कोसुमेलचं पाणी नितळ आणि रीफ भव्य, पण तिथे सगळा खेळ ओढीचा. डायव्हर प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि बोट वरून मागोमाग येते. गाईड सोबत असतोच. पण काही पाहायला थांबावं म्हटलं तर थांबता येत नाही. पाराइसोसारख्या उथळ रीफपासून सुरुवात केली तर नवख्यालाही जमतं. सांता रोसाची भिंत नंतरसाठी ठेवावी. मी कोसुमेलला दुसऱ्या सहलीत ठेवेन.

ग्रँड केमनची स्टिंगरे सिटी अवघ्या तीन-चार मीटर पाण्यात आहे. ५ जानेवारी २०११ रोजी मुद्दाम बुडवलेलं ७६ मीटर लांबीचं किटिवेक हे जहाज सुमारे २० मीटर खोल वाळूवर आहे, म्हणजे त्याचा बराचसा भाग १८ मीटरच्या आत पाहता येतो. मात्र बेटाभोवतीची भिंत थेट अथांग पाण्यात उतरते, आणि तरंगण्यावर ताबा नसलेल्याला खाली तळ नसणं घातक ठरू शकतं. खर्चही लक्षात घ्या : एक केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकी डॉलर. पैशांची ओढाताण असेल तर होंडुरासचं उतिला बेट स्वस्त प्रशिक्षणासाठी प्रसिद्ध आहे.

वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. १९९१ ते २०२० च्या सरासरीनुसार अटलांटिकमध्ये वर्षाला नाव दिलेली १४ वादळं होतात. त्यांतली ७ हरिकेन बनतात आणि ३ अतितीव्र. २००४ साली आयव्हनने ग्रँड केमनला आणि २००५ साली विल्माने कोसुमेलला झोडपलं. १२ अंश अक्षांशावरचं बोनेअर सहसा या वाटेच्या दक्षिणेला राहतं. तरी १९९९ च्या नोव्हेंबरात उलट्या दिशेने आलेल्या लेनीच्या लाटांनी तिथल्या उथळ प्रवाळाची मोडतोड केलीच. सप्टेंबरातच सुट्टी मिळत असेल तर बोनेअर. डिसेंबर ते एप्रिलमध्ये तिन्ही जागा खुल्या.

दिवस मोजताना विमान विसरू नका. लागोपाठ अनेक डायव्ह केल्यावर उड्डाणापूर्वी किमान १८ तास कोरडे जावे लागतात, म्हणजे शेवटचा दिवस डायव्हिंगचा नाही. मालवणला प्रशिक्षकाचा हात धरून केलेली डायव्ह हे प्रमाणपत्र नव्हे, हेही ध्यानात असू द्या. प्रमाणपत्रासाठी मोकळ्या पाण्यातल्या चार डायव्ह लागतात. अमेरिकेत राहणाऱ्यांनी अभ्यास आणि तलावातला सराव घरच्या गावी उरकावा आणि त्या चार डायव्ह बेटावर कराव्यात; उरलेल्या डायव्ह दुसरीकडे करण्यासाठीची पॅडीची शिफारस (रेफरल) १२ महिने चालते. भारतातून जाणाऱ्यांना तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेत आधी शिकता येईल.

आणि बेलीझला जायचंच असेल, तर जा. ब्लू होलच्या दिवसभराच्या सहलीतल्या बोटी सहसा हाफ मून के आणि लाँग के इथेही थांबतात. विवराच्या कडेला स्नॉर्केल करा, सिलिंडर पाठीवर घ्या तो या दोन ठिकाणी, आणि १८ मीटरच्या वरच राहणार हे बोट ठरवतानाच सांगून ठेवा.