विश्लेषण : प्रबंधातील प्रकरणांचे क्रमांक ऐनवेळी का बिघडतात?

प्रबंध सादर करायला आठवडा उरलेला असतो आणि मार्गदर्शक सुचवतात, ‘तिसरे प्रकरण दुसऱ्याच्या आधी घ्या.’ सूचना एका वाक्याची. पण तिच्यामुळे ३.१ चे २.१ होते, आकृती ३.४ ची २.४ होते आणि मजकुरात ‘पाहा तक्ता ३.२’ असे जिथे जिथे लिहिले आहे तिथे तिथे दुरुस्ती करावी लागते. रात्र जागूनही एखादा क्रमांक सुटतो आणि नेमका तोच परीक्षकांच्या नजरेस पडतो. हा त्रास टाळण्याची सोय मायक्रोसॉफ्ट वर्डमध्येच आहे. ती कशी वापरायची, याविषयी.

मूळ चूक कोणती?

बहुतेक विद्यार्थी ‘प्रकरण ३’ हे शब्द हाताने टाइप करतात, अक्षर ठळक आणि मोठे करतात, ओळ मध्यभागी घेतात. आपल्या डोळ्यांना ते शीर्षक दिसते. वर्डच्या दृष्टीने मात्र ती इतर ओळींसारखीच एक ओळ असते आणि त्यातला ३ हा आकडा म्हणजे नुसते एक अक्षर. त्यामुळे क्रम बदलला तरी आकडा बदलत नाही आणि अनुक्रमणिकाही आपोआप तयार होत नाही. म्हणून आकडा आपण टाइपच करायचा नाही. ही ओळ कोणत्या पातळीचे शीर्षक आहे एवढेच वर्डला सांगायचे. मोजण्याचे काम त्याचे.

पातळी कशी सांगायची?

‘होम’ टॅबमध्ये ‘स्टाइल्स’ या गटात हेडिंग १, हेडिंग २, हेडिंग ३ अशा शैली असतात. प्रकरणाच्या नावाला हेडिंग १, त्यातील विभागाला हेडिंग २ आणि उपविभागाला हेडिंग ३ द्यावे. कंट्रोल आणि ऑल्ट दाबून १, २ किंवा ३ दाबले तरी हेच होते. हाताने टाइप केलेले जुने आकडे याच वेळी पुसावेत. शीर्षकाचा निळा रंग किंवा फॉन्ट नको असेल तर प्रत्येक ओळ वेगळी बदलू नये. शैलीच्या नावावर राइट क्लिक करून ‘मॉडिफाय’मध्ये एकदा बदल केला की सगळी शीर्षके एकसारखी होतात. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर हवे असेल, तर तिथेच परिच्छेदाच्या पर्यायांत ‘पेज ब्रेक बिफोर’ निवडावे. एंटर दाबत पान उलटवू नये.

क्रमांक कसे जोडायचे?

पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकावर कर्सर ठेवावा. ‘होम’मधील ‘मल्टिलेव्हल लिस्ट’ उघडून ‘डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट’ निवडावे आणि ‘मोअर’वर क्लिक करून पूर्ण चौकट उघडावी. डावीकडे पातळी १ निवडून ‘लिंक लेव्हल टू स्टाइल’मध्ये हेडिंग १ घ्यावे. पातळी २ ला हेडिंग २, पातळी ३ ला हेडिंग ३. क्रमांकाच्या रकान्यात करड्या रंगात दिसणारा आकडा पुसायचा नाही; पातळी १ साठी त्याच्या आधी फक्त ‘प्रकरण’ हा शब्द आणि एक जागा टाइप करायची. तिन्ही पातळ्या याच चौकटीत एका बैठकीत जोडाव्यात. पुढे एखाद्या शीर्षकावर साध्या नंबरिंगचे बटण दाबले, तर ही साखळी तुटते. क्रमांक मध्येच पुन्हा १ पासून सुरू होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

प्रकरण रोमन अंकांत आणि विभाग ३.१ असे हवे असतील तर?

पातळी १ ला रोमन अंक दिले की विभागाचा क्रमांक III.1 असा दिसू लागतो. त्यासाठी पातळी २ आणि ३ वर ‘लीगल स्टाइल नंबरिंग’ या चौकोनात खूण करावी. विभाग साध्या अंकांत येतात. आकृत्यांच्या क्रमांकात मात्र रोमन अंक तसाच राहतो. विद्यापीठाच्या नियमात रोमन अंकांची सक्ती नसेल, तर साधे अंक वापरणे सोयीचे.

आभार, संदर्भसूची आणि परिशिष्टांचे काय?

ही शीर्षके अनुक्रमणिकेत हवीत, पण त्यांना प्रकरण क्रमांक नको. त्यासाठी हेडिंग १ वर आधारित नवी शैली तयार करून तिचे नंबरिंग ‘नन’ करावे. परिशिष्टांसाठी त्याच यादीतील सातवी पातळी हेडिंग ७ ला जोडून तिच्या क्रमांकाआधी ‘परिशिष्ट’ हा शब्द द्यावा. मग अनुक्रमणिकेच्या ‘ऑप्शन्स’मध्ये या दोन्ही शैलींसमोर १ लिहावे, म्हणजे त्या प्रकरणांच्याच रांगेत दिसतील.

आकृत्या आणि तक्ते आपोआप बदलतात का?

‘रेफरन्सेस’ टॅबमधील ‘इन्सर्ट कॅप्शन’ने क्रमांक दिले असतील तरच. तिथे ‘नंबरिंग’मध्ये ‘इन्क्लूड चॅप्टर नंबर’वर खूण केली की क्रमांकात प्रकरणाचा आकडा येतो. मजकुरातील उल्लेखही टाइप न करता ‘क्रॉस-रेफरन्स’ने घालावेत. शेवटी कंट्रोल आणि ए दाबून सगळा मजकूर निवडावा आणि एफ ९ दाबावे. अनुक्रमणिका, आकृत्या आणि उल्लेख अद्ययावत होतात. छपाईला देण्यापूर्वी ‘एरर’ हा इंग्रजी शब्द शोधून पाहावा. मूळ आकृती काढून टाकली असेल, तर तिच्या उल्लेखाच्या जागी तो उमटतो.

मराठी प्रबंधात वेगळी काळजी कोणती?

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये कागदावर मराठी दिसते, पण फाइलमध्ये रोमन अक्षरेच असतात. त्यामुळे ‘नेव्हिगेशन पेन’मध्ये शीर्षकांऐवजी निरर्थक अक्षरे दिसतात आणि शोधही नीट चालत नाही. प्रबंध सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहावा. क्रमांकशैलींच्या यादीत देवनागरी अंक दिसत असतील तर ते घ्यावेत. ‘एक, दो, तीन’ हा शब्दांतला पर्याय मात्र हिंदीचा आहे.

प्रबंध आधीच टाइप झाला असेल तर?

आधी फाइलची प्रत काढून ठेवावी. प्रकरणे वेगवेगळ्या फाइलमध्ये असतील तर ती एकाच फाइलमध्ये आणावीत, कारण वेगळ्या फाइलमध्ये प्रत्येक प्रकरण स्वतःला पहिलेच समजते. मग ‘व्ह्यू’मधून नेव्हिगेशन पेन उघडून शीर्षकांना एकामागून एक शैली द्यावी. हे काम मोबाइलवर करू नये. संगणकावरचे वर्डच हवे. टंकलेखन दुसऱ्याकडून करून घेत असाल, तर ‘हेडिंग स्टाइल वापरून द्या’ हे काम देतानाच सांगावे.

याचा उपयोग छपाईपुरताच आहे का?

नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात प्रबंध प्रकरणनिहाय पीडीएफ स्वरूपात ठेवले जातात. पीडीएफ करताना ‘ऑप्शन्स’मध्ये शीर्षकांवरून बुकमार्क तयार करण्याचा पर्याय निवडला, तर वाचणाऱ्याला हव्या त्या विभागावर थेट जाता येते.

आणि मार्गदर्शकांची ती सूचना? नेव्हिगेशन पेनमध्ये तिसऱ्या प्रकरणाचे शीर्षक धरून दुसऱ्याच्या वर ओढायचे. आतला सगळा मजकूर त्याच्यासोबत सरकतो. शीर्षकांचे क्रमांक तिथेच बदलतात, उरलेले एफ ९ दाबल्यावर. त्या रात्री झोप मिळते.