खेळ निन्टेंडोचा, व्हिडिओ कुणाचा?

मे 2013 मध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्टेंडोने यूट्यूबवरच्या ‘लेट्स प्ले’ व्हिडिओंवर, म्हणजे खेळ खेळता खेळता त्यावर बोलत केलेल्या चित्रणांवर, हक्क सांगितला. व्हिडिओ काढून टाकले नाहीत. हक्काचा मजकूर ओळखणाऱ्या यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेतून त्यांवरच्या जाहिरातींचे पैसे मात्र कंपनीकडे वळवले. चित्रं, पात्रं, संगीत कंपनीचं, हे कायद्याने खरंच होतं. पण प्रेक्षक येत ते खेळणाऱ्याची बडबड, त्याचं हसणं-वैतागणं ऐकायला, आणि त्या मेहनतीचा मोबदला शून्य.

जानेवारी 2015 मध्ये ‘निन्टेंडो क्रिएटर्स प्रोग्राम’ आला. यूट्यूबने आपला वाटा कापल्यावर उरलेल्या जाहिरात-उत्पन्नातून निर्मात्याला एकेका व्हिडिओवर 60 टक्के, पूर्ण चॅनेल नोंदवल्यास 70 टक्के. मात्र खेळ कंपनीच्या मान्य यादीतला हवा, आणि चॅनेल नोंदवायचं तर त्यावर यादीबाहेरचं काही नको. सगळ्या कंपन्यांचे खेळ खेळणाऱ्याने काय करायचं? ही अट मला सर्वांत जाचक वाटते, कारण निर्मात्याने काय दाखवावं हेच ती ठरवत होती.

डिसेंबर 2018 अखेर हा कार्यक्रम बंद झाला. त्याआधी, नोव्हेंबरमध्ये, कंपनीने नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली: यूट्यूबसारख्या मंचांच्या अधिकृत योजनांतून कमवा, नोंदणी नको, वाटा नको, पण व्हिडिओत तुमची स्वतःची भर हवी. खेळाचं नुसतं चित्रण जसंच्या तसं चढवणं त्यात बसत नाही.

ही परवानगी आहे, हक्क नव्हे. खेळाचा कॉपीराइट कंपनीकडेच राहतो, आणि नियमबाह्य वाटलेला व्हिडिओ हटवायला सांगण्याची मुभाही.