एक वाजून आठ मिनिटं

पहाटे ४:१५. पोलादपूर स्टँड. मुंबईची एसटी. २०२३च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणून तिला सुट्टीला घरी येणं परवडतं. पिशवीत नाचणीच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी. महाडला गाडी भरते. तिचं बीएस्सी इथलंच. माणगावात गाडी रेंगाळते, ती झोपून घेते.

९:१५. खारघर. टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक. जिल्हा रायगडच. ४ जून २०२१ला देशातला पहिला कार-टी उपचार याच आवारात झाला. रुग्णाच्याच टी-पेशी काढल्या, त्यांवर कर्करोगाची पेशी ओळखणारा रिसेप्टर बसवला आणि त्या परत दिल्या. आयआयटी मुंबईबरोबरच्या या कामातून नेक्सकार१९ हा उपचार आला. त्याला ऑक्टोबर २०२३मध्ये परवानगी मिळाली. बाहेर शत्रू दिसला की टी-पेशीच्या आत निरोप कसा पळतो, हे ती तपासते. फेलोशिप महिना ३७,००० रुपये, घरभाडं वेगळं.

९:४५. निरोगी दात्याचं १५ मिली रक्त. संमतीपत्रावर सही झालेली. नळी तिरकी धरून फायकॉल या जड द्रावणावर रक्त अलगद सोडते. घाई केली की थर मिसळतात. मग सेंट्रिफ्यूज, अर्धा तास, ब्रेक बंद. थांबताना हिसका बसायला नको.

१०:४०. खाली लाल, वर पिवळसर, मध्ये पेजेवरच्या सायीसारखं पांढरं कडं. टी-पेशी त्यातच. ती श्वास रोखून पिपेटने ते उचलते, मग दोनदा धुते.

११:३०. मोजणी. मेलेल्या पेशी निळा रंग घेतात, जिवंत घेत नाहीत. एक कोटी चाळीस लाख जिवंत. ‘‘पुरतील,’’ ती म्हणते. पेशींना तासभर विश्रांती, ३७ अंशांवर.

१२:४०. सहा नळ्या. त्यातल्या एकीला काहीच द्यायचं नाही. ती शून्य मिनिटांची. बाकीच्यांत अँटिबॉडी घालून टी-पेशींचा रिसेप्टर जागा करायचा. तीस मिनिटांची नळी आधी. १:०० दहाची. १:०५ पाचाची. १:०८ दोनाची. १:०९ एकाची. आता कुणी तिच्याशी बोलत नाही. रिसेप्टर जागा झाला की मिनिटभरात एलसीके आणि झॅप-७० ही एन्झाइमं कामाला लागतात. पुढे ईआरके या प्रथिनावर फॉस्फेट चढतं, पाच मिनिटांच्या सुमारास सर्वांत जास्त. नंतर ते उतरतं. उशीर झाला की निरोप येऊन गेलेला असतो.

१:१०. सहाही नळ्यांत फॉर्मल्डिहाइड, एकापाठोपाठ. पेशी जिथल्या तिथे थिजल्या. ती मान मोडते.

१:४०. भाकरी, चटणी. कँटीनचा चहा.

२:१५. गार मिथेनॉल, बर्फावर अर्धा तास. मग फॉस्फेट लागलेलं ईआरके तेवढं ओळखणारी अँटिबॉडी. एवढीशी कुपी, परदेशातून येते, किंमत हजारांत. टिपच्या टोकाला राहिलेला थेंबही ती नळीच्या कडेला टेकवून उतरवते.

४:३०. फ्लो सायटोमीटर, दीड तासाचं बुकिंग. पेशी एकेक करून लेसरसमोरून जातात. पडद्यावरच्या आलेखात शून्याच्या नळीचा डोंगर डावीकडे. पाचाचा स्वच्छ उजवीकडे सरकलेला. तिचा चेहरा खुलतो. तिच्या मार्गदर्शक मॅडम मागे येऊन उभ्या राहतात. ‘‘दोनाच्या नळीत पेशी कमी दिसतात गं.’’ धुताना गेल्या असतील. ‘‘परत करते, मॅडम.’’

६:१५. रक्ताच्या नळ्या ब्लीचमध्ये. टेबल पुसलं. रजिस्टरमध्ये गुरुवारचं मशिन मागितलं. फायकॉल एकदा पुरेल इतकंच उरलंय, तेही लिहिलं. मग दात्याला फोन: गुरुवारी सकाळी नऊला याल का?